अग्निवीरला ३० हजार आणि अप्रेंटिसला ७ हजार, मग अप्रेंटिस करायचीच कशाला?

भावा, तू आयटीआय फिटर पास आहेस आणि विचारतोयस की अग्निवीर भरतीत, म्हणजे सैन्यातल्या चार वर्षांच्या नोकरीत, महिन्याला ३० हजार मिळतात अन् कंपनीत अप्रेंटिसला ७ हजार, तर यात विचार करण्यासारखं उरलंच काय. पण ते ३० हजार हातात येत नाहीत, हे आधी डोक्यात घे.

पहिल्या वर्षी ३०,००० मधले ९,००० सेवा निधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या फंडात) जातात, हातात २१,०००. दुसऱ्या वर्षी ३३,००० पैकी २३,१००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० पैकी २५,५५० आणि चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,०००. ट्रेनिंग याच चार वर्षांत धरलंय, त्यामुळे रिक्रूट असताना पगार वेगळा, कमी वगैरे काही नाही. (व्हॉट्सअ‍ॅपवर ५६,१०० चा आकडा फिरतो तो ऑफिसर कॅडेटचा स्टायपेंड आहे, आपला नाही.) तुझे कापलेले ५.०२ लाख, तेवढेच सरकारचे, वर व्याज, असे साधारण ११.७१ लाख शेवटी मिळतात आणि त्यावर इन्कम टॅक्स नाही. आता चार वर्षांत हातात पडलेल्या पगाराची बेरीज करून बघ, तीपण ११.७१ लाखांच्या आसपासच येते, म्हणजे अर्धी कमाई एकदम बाहेर पडतानाच मिळते, तोवर घरी लग्न निघो नाहीतर दवाखाना.

मधेच आपल्या मर्जीने सोडता येत नाही सहसा, आणि खास परवानगीने सुटलास तरी सरकारचा वाटा मिळत नाही, फक्त स्वतःचे पैसे व्याजासकट. जे जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात त्यांचंही तसंच, फक्त त्यांना पुढे रेग्युलर पगार चालू होतो. अग्निवीरला डीए नाही, रेग्युलर जवानाला जो ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे असतो तो नाही, पेन्शन-ग्रॅच्युइटी नाही. ४८ लाखांचा विमा मात्र आहे आणि त्याचा हप्ता आपल्याला भरायचा नसतो. शिवाय राहणं-जेवण युनिटमध्येच, त्यामुळे पोरगा खर्चिक नसेल तर २१ हजारातले बरेचसे घरी पाठवू शकतो.

अप्रेंटिसचं गणितच वेगळं, तो कायद्याने पगार नाहीच, स्टायपेंड आहे. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला किमान ७,०००, डिप्लोमाला ८,०००, डिग्रीला ९,००० ठरवले. हे किमान आहे, जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही, मोठ्या कंपन्या देतातही. यातला २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० पर्यंत, सरकार देतं आणि तो आता थेट अप्रेंटिसच्या खात्यात येतो. पीएफ-ईएसआय नाही, कारण अप्रेंटिस हा कामगार धरत नाहीत. मी केली तेव्हा रूमचं भाडं आणि मेसचा डबा गेला की काही राहायचंच नाही, घरूनच पैसे मागवायचो, आणि काम मात्र पर्मनंट माणसाएवढंच करून घ्यायचे. वर्ष संपल्यावर घ्यायलाच पाहिजे असं बंधनही कंपनीवर नाही.

तरी मी अप्रेंटिसला फालतू म्हणणार नाही, फक्त कुठे करतोयस ते बघ. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये केलीस तर पुढे रेल्वेच्याच लेव्हल १ च्या (जुन्या ग्रुप डीच्या) भरतीत २० टक्के जागा अशा अप्रेंटिससाठी राखीव असतात. माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड, खडकी किंवा अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, अशा ठिकाणची एनएसी (अप्रेंटिस पूर्ण केल्याचं राष्ट्रीय सर्टिफिकेट) बायोडेटात दिसली की माणूस मुलाखतीला तरी बोलावतो. गल्लीतल्या छोट्या युनिटमध्ये ७ हजारावर वर्षभर मशीन पुसण्यापेक्षा भरतीची तयारी केलेली बरी.

मी तुझ्या जागी असतो तर आधी भरतीच दिली असती. वयाची अट तिथे कडक आहे, अप्रेंटिसला कायद्यात फक्त किमान वय लिहिलंय, १४ वर्षं (धोकादायक उद्योगांत १८), वरची मर्यादा ज्या त्या ठिकाणी वेगळी असते. आणि फॉर्म भरताना टेक्निकल ट्रेडमध्ये आयटीआयचे बोनस मार्क मिळतात, ते सर्टिफिकेट जोडायला विसरू नको.