एक्सल उचलण्याआधी दात मोजा

माझी १९९१ची जिप्सी आहे. मागचा एक्सल वाकलाय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाइडट्रॅक जिप्सीचा एक्सल स्वस्तात मिळतोय. बसेल का? (गारगोटी)

बसवता येईल, पण नुसता मागचाच बदलणार असाल तर नको. जुलै १९९३ला मारुतीनं वाइडट्रॅक आणली तेव्हा पुढच्या चाकांमधलं अंतर १२१० मिमीवरून १३०० झालं आणि मागचं १२२० वरून १३१०. तुमच्या गाडीत पुढं १२१० आणि मागं १३१० झालं, की मागचं प्रत्येक चाक पुढच्याच्या ५० मिमी बाहेर. डांबरीवर काही वाटायचं नाही. पावसाळ्यात उसाच्या फडात शिरा, मग कळेल. पुढच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत मागची बसतच नाहीत, आपली वेगळी कापत जातात, आणि इंजिन बोंबलत बसतं.

त्याहून मोठी भानगड क्राउन-पिनियनची, म्हणजे एक्सलच्या पोटातल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांच्या जोडीची. फोर बाय फोरमध्ये, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं तेव्हा, पुढचा आणि मागचा रेशो (क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे, तो आकडा) एकच लागतो. क्राउनला ३७ आणि पिनियनला ९ दात म्हणजे ४.११, ४१ आणि ११ म्हणजे ३.७३. पुढं ४.११ आणि मागं ३.७३ असला, तर पुढची चाकं शंभर मीटर जायला बघतात तेव्हा मागची एकशे दहा. चिखलात चाकं घसरून हा फरक निघून जातो. कोरड्या रस्त्यावर तो ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) आणि तिथून एक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर बसतो.

हाउसिंग, म्हणजे एक्सलचं कवच, न खोलताही रेशो कळतो. एका बाजूचा ब्रेकचा ड्रम पक्का धरायला सांगा, दुसरा बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायची चकती) खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. चारच्या जरा वर गेले तर ४.११, पावणेचारच्या आसपास थांबले तर ३.७३. हे भाव ठरवायच्या आधी. मी एकदा भंगारातला एक्सल आणून दोन दिवस घासला, रंगवला, पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) चढवला आणि मग फेरे मोजले. परत उतरवला. रंग मात्र झकास बसला होता.

बाकी पाट्यांच्या बैठकीतलं अंतर, फ्लँजची भोकं आणि ब्रेकचे पाइप जुळतात का बघा. एक्सल पाट्यांना आवळणारे यू बोल्ट नवेच घाला आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

माझ्या रिअर व्हील ड्राइव्ह गाडीला ४.११ काढून ३.७३ बसवला. महामार्गावर इंजिन शांत झालं, पण स्पीडोमीटर चुकतोय का? (कागल)

गिअरबॉक्सवरून केबल येत असेल तर हो. काटा साठ दाखवतो तेव्हा तुम्ही सहासष्टच्या जवळ असता. गगनबावड्याच्या घाटात ओढ कमी झालेली जाणवेल, ती वेगळी.

२००५च्या स्विफ्टला २०१८च्या स्विफ्टचा मागचा एक्सल कापून-वेल्डिंग करून बसवू का? (शिरोली)

अजिबात नको. तो टॉर्शन बीम आहे. मधला पत्रा पिळ खाण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणजे स्प्रिंगचंच काम करतो. वेल्डिंगच्या आचेनं त्याचा गुण जातो आणि तडा नेमका टाक्याशेजारी जातो. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, आचेनं लोखंडाचं काय होतं ते तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. शिवाय हँडब्रेकची केबल आणि एबीएसच्या सेन्सरची जागा, दोन्ही जुळवावं लागेल. जुन्याच मॉडेलचा सरळ एक्सल शोधा.

एक्सल बदलला तर आरटीओत काही अडचण? (कोल्हापूर)

त्याच मॉडेलचा तसाच एक्सल बसवला तर ती दुरुस्ती. दुसऱ्या पिढीचा घालून गाडी कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळी झाली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून आधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. आणि जुना माल घेताना बिल घ्या. “ओळखीत बिल कसलं मागताय राव?” असं दुकानदार म्हणेल. तरी घ्या.