इव्हान्सचा नंबर आहे, पण पुस्तक आहे का?

प्रश्न: मी एमए हिस्टरी करतेय, रोज डोंबिवलीहून येते. मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यावर प्रोजेक्ट घेतलाय. सर म्हणाले आधी अमेरिकेत छपाई कशी सुरू झाली ते वाच. पण जिथे बघावं तिथे ‘इव्हान्स ४’, ‘इव्हान्स १’ असे नंबर दिसतात. हे काय असतं? आणि अमेरिकेतल्या छपाईच्या इतिहासावरचं आयझाया थॉमसचं १८१० चं पुस्तक आता वाचण्यात अर्थ आहे का?

उत्तर: विषय ऐकूनच बरं वाटलं हो. गॉर्डन हॉल वगैरे अमेरिकन मिशनरी मंडळी १८१३ ला मुंबईत आली, १८१७ पासून त्यांच्या छापखान्यातून मराठी मजकूर बाहेर पडू लागला, आणि लहानपणी तिथेच खिळे (छपाईची धातूची अक्षरं) घासत शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना उभा केला, म्हणजे आपल्या घरातल्या जुन्या पोथ्यांचा धागा तिकडे जातोच.

आता इव्हान्स. चार्ल्स इव्हान्स हा शिकागोचा ग्रंथपाल. अमेरिकेत १६३९ पासून जे जे छापलं गेलं त्याची वर्षवार यादी करायला बसला, पहिला खंड १९०३ ला आला, बारावा १९३४ ला, आणि १७९९ सालातल्या ‘एम’ अक्षराशी पोचून पुढच्याच वर्षी माणूस गेला. तेरावा खंड क्लिफर्ड शिप्टननं १९५५ ला केला, तेव्हा कुठे १८०० पर्यंतची यादी पुरी झाली, नोंदी ३९,१६२. नंबर म्हणजे या यादीतला नोंदीचा क्रमांक. ‘इव्हान्स ४’ म्हणजे १६४० चं ‘बे साम बुक’ हे स्तोत्रांचं पुस्तक, ज्याच्या आज ११ प्रती शिल्लक आहेत.

पण ‘इव्हान्स १’ बघा. ते एक शपथपत्र, एका कागदावर छापलेलं, आणि त्या मूळ छपाईची एकही प्रत आज नाही. १९८५ मध्ये मार्क हॉफमननं त्याची बनावट प्रत तयार करून विकायला काढली होती! म्हणून सांगते, नंबर आहे म्हणजे पुस्तक आहे असं धरू नका. इव्हान्सनं कितीतरी नोंदी जुन्या पेपरातल्या जाहिरातींवरून घेतल्यात, आणि दुकानात विकायला ठेवलेलं विलायती पुस्तकसुद्धा अमेरिकेतच छापलेलं समजून यादीत गेलंय. आपल्याकडे जुन्या पुस्तकाच्या मागच्या पानावर ‘लवकरच प्रसिद्ध होत आहे’ म्हणून चार नावं असतात आणि त्यातली दोन कधी येतच नाहीत, तसंच. प्रत कुठे आहे ते दिसलं तरच नोंद धरा. अमेरिकेतल्या वूस्टर गावच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीचा कॅटलॉग ऑनलाइन आहे, तिथे पडताळा.

ही सोसायटी १८१२ ला काढली ती तुमच्या थॉमसनंच. वाचाच त्याला. सहा-सात वर्षांचा असताना प्रेसमध्ये उमेदवारीला लागलेला माणूस, १७७५ च्या एप्रिलमध्ये लेक्सिंग्टनची लढाई (अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात) व्हायच्या आधी स्वतःचं छापयंत्र बॉस्टनहून वूस्टरला हलवलं, आणि ते यंत्र अजून सोसायटीत आहे. इतर मुद्रकांबद्दल तो लिहितो ते धंद्यातला माणूस म्हणून, कोण कुणाकडे शिकला, कुणाचं का बुडालं. चुका आहेत, बरंचसं आठवणीतून आहे, पण हे दुसऱ्या कुणाला लिहिताच आलं नसतं. सोसायटीनं १८७४ ला काढलेली सुधारलेली आवृत्ती घ्या.

छापखान्यातलं काम प्रत्यक्ष कसं चालायचं त्यासाठी लॉरेन्स रॉथचं ‘द कलोनियल प्रिंटर’. शाई लावायचे रूळ नव्हते तेव्हा, चामड्याच्या बोळ्यांना शाई लावून ते खिळ्यांवर थापायचे. माझ्या वडिलांचा गिरगावात छोटा प्रेस होता, कागदाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवलं की खिळ्याचा दाब लागायचा, रॉथ वाचताना तेच आठवत राहतं.

आणि मुंबईच्या बाजूला दातेंची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे, १८०० ते १९३७. मिशनच्या नोंदी तिथून काढा, मग दादरला ग्रंथसंग्रहालयात आणि एशियाटिकला प्रती मागा. प्रत मिळाली की पहिल्या पानावरची छापखान्याची ओळ, साल आणि किंमत वहीत जशीच्या तशी उतरवा, शुद्धलेखन अजिबात सुधारू नका.