नमपाय नक्की कुठलं चालतंय?

नमपाय (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) कितीदा अपडेट केली तरी जुनीच चालते आणि एरर येते म्हणतोस? अरे, आधी पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करणं थांबव. तुझ्या उबुंटूवर एकाच लायब्ररीच्या दोन प्रती बसल्यात, एवढंच झालंय. एक ॲप्टने (उबुंटूचं सॉफ्टवेअर बसवणारं टूल) यूएसआर या सिस्टीमच्या फोल्डरखाली टाकलेली, दुसरी पिपने (पायथॉनच्या लायब्ररी बसवणारं टूल) तुझ्या होम फोल्डरमधल्या डॉट-लोकल (.local) फोल्डरमध्ये. इंपोर्ट करताना पायथॉन डॉट-लोकल आधी बघतो आणि तिथे सापडलं की पुढे बघतच नाही. म्हणून ॲप्टचं पॅकेज कितीही अपडेट केलंस तरी जुनंच चालतं. पटत नसेल तर नमपाय इंपोर्ट करून त्याचं पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोरवालं फाईल (numpy.__file__) प्रिंट कर, पूर्ण पत्ताच समोर येईल. नाहीतर पायथॉनला मायनस एस (छोटा एस हं) देऊन स्क्रिप्ट चालव. डॉट-लोकल वगळलं जातं. एरर गेली, तर चोर तिथलाच.

सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) पिप मात्र अजिबात चालवू नकोस. मी हा शहाणपणा करून बसलोय. सिस्टीमची काही टूल्स त्याच पायथॉनवर चालतात, ती उघडेनात आणि अख्खा रविवार निस्तरण्यात गेला. उबुंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनमध्ये, २०२३ च्या डेबियन १२ पासून पिप स्वतःच 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' (हा पायथॉन सिस्टीम सांभाळते, हात लावू नकोस) म्हणून अडवतो. त्यावर ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस हा पर्याय लोक बिनधास्त सुचवतात. अरे, नावातच लिहिलंय ना!

प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्ही-एन्व्ही (venv, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता लायब्ररींचा वेगळा कप्पा) कर. आधी ॲप्टने python3-venv हे पॅकेज घ्यावं लागेल. त्या कप्प्यात सिस्टीमवर बसवलेल्या आणि डॉट-लोकलमधल्या लायब्ररी दिसत नाहीत, त्यामुळे लागेल ते सगळं पुन्हा उतरवावं लागतं. डिस्क थोडी जाईल, जाऊ दे.