आधी व्होल्ट जुळवा, मग डॅक ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. इंदूरमधल्या सुदामा नगरच्या घरी तुम्ही चौघे बसलात. सीडी प्लेअरचा स्वतःचा अ‍ॅनालॉग आउट अँप्लिफायरच्या एका इनपुटला जोडला, त्याच प्लेअरच्या कोअ‍ॅक्शियलवर, म्हणजे डिजिटल आउटपुटवर, नवा डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) लावून तो दुसऱ्या इनपुटला दिला, आणि सिलेक्टर (इनपुट निवडायचा नॉब) फिरवून डोळे मिटून प्रत्येकी ५ फेऱ्या ऐकल्या. तिघांना डॅकचा आवाज 'मोकळा' वाटला, एकाने ५ पैकी ४ वेळा तो अचूक ओळखला. पत्रकावर प्लेअरचा आउटपुट २ व्होल्ट, डॅकचा २.१. आता डॅक ठेवावा की मुदतीत परत करावा?

जोडणी तुम्ही फार चांगली केली आहे. एकच डिस्क दोन्हीकडे एकाच वेळी चालू असते, त्यामुळे संगणकावर दोन डॅकची वेळ जुळवताना होणारी ओढाताण इथे नाही. गोम आहे ती त्या २.१ मध्ये. २ आणि २.१ व्होल्टमध्ये ०.४२ डेसिबलचा फरक पडतो. एवढा फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही. तो 'मोकळा', 'भरीव', 'पुढे आलेला' म्हणून कळतो. तिघांनी वापरलेला शब्द वाचला आणि तिथेच शंका आली. डॅकची तुलना करायची तर दोन्हीकडची पातळी ०.१ डेसिबलच्या आत हवी, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १ टक्का. हे कानाने जुळत नाही, मीटरनेच जुळवावं लागतं.

मीटर घेताना एक बघा. सर्रास मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीच्या २०० आणि ७५० व्होल्ट अशा दोनच रेंज असतात. तो ०.१ व्होल्टच्या खालचं काही दाखवत नाही, म्हणून इथे निरुपयोगी. एसी २ व्होल्टची रेंज असलेला मीटर घ्या. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४०० हर्ट्झचा साइन टोन ०.५ अ‍ॅम्प्लिट्यूडवर एक मिनिटाचा तयार करून सीडी-आरवर उतरवा. १ किलोहर्ट्झ नको, कारण साधे मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे भरवशाचे राहत नाहीत. मीटर स्पीकरच्या टर्मिनलवर लावा, प्लेअर निवडून व्हॉल्यूम १.००० व्होल्टवर आणा, मग नॉब न हलवता डॅक निवडा. १.०५०च्या आसपास रीडिंग येईल. डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळा मोजा. मीटरचा आकडा स्वतः दोन टक्के चुकीचा असला तरी चालतं, आपल्याला फक्त दोन आकड्यांचं गुणोत्तर हवं आहे.

जास्त आवाजाची बाजू खाली आणायची. डॅकवर व्हॉल्यूम असेल आणि तो अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी चालत असेल तर पाव डेसिबलपर्यंत चूक राहू शकते. त्यापेक्षा रेझिस्टर बरे. प्रत्येक चॅनेलला ३९० ओहम सिग्नलच्या वाटेत, आणि त्याच्या पुढे, अँप्लिफायरच्या बाजूला, सिग्नल ते ग्राउंड १० किलोओहम. मेटल फिल्म, १ टक्का, पाव वॅट. महाराणी रोडवर सहज मिळतील, आणि आरसीए पिनच्या आवरणात बसतात. अँप्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स (इनपुटचा विद्युत अवरोध) ४७ किलोओहम धरला तर सुमारे ०.४० डेसिबल उतरतात, म्हणजे १.०५०चे १.००३ होतात. पण डॅकचा आउटपुट इम्पीडन्स १०० ओहम असला तरी या भारामुळे आणखी ०.१ डेसिबल जातो. म्हणून सोल्डर करून, सगळं जोडून पुन्हा मोजा. ०.९९० ते १.०१०च्या बाहेर गेलं तर ३९०च्या जागी ३०० किंवा ४७० लावून बघा.

पुढची अडचण सिलेक्टरची. नॉब कुठल्या बाजूला फिरला हे आवाजावरून कळतं, शिवाय डॅक प्लेअरच्या काही मिलिसेकंद मागे असू शकतो. दोन्हीवर उपाय एकच: प्रत्येक वेळी आधी रिकाम्या तिसऱ्या इनपुटवर जायचं, मनात तीन मोजायचं, मग हव्या त्या इनपुटवर यायचं. मागच्या फेरीतलाच स्रोत पुन्हा द्यायचा असला तरीही. क्रम नाणं उडवून आधीच कागदावर लिहून ठेवा. मनाने ठरवलेला क्रम माणूस नकळत आलटून पालटून ठेवतो. नॉब फिरवणारा ऐकणाऱ्याच्या पाठीमागे, गप्प, आणि ऐकणाऱ्याने उत्तर तोंडाने न सांगता कागदावर लिहायचं. फेरी अशी: क्ष (नाण्याने ठरलेला, ऐकणाऱ्याला न सांगितलेला स्रोत) ऐकवा, प्लेअर ऐकवा, डॅक ऐकवा, पुन्हा क्ष, क्ष कोणता ते लिहा. तुकडा १० ते १५ सेकंदांचा. पूर्ण बंदिश ऐकून तुलना होत नाही, कारण बारीक फरक तेवढा वेळ आठवणीत टिकत नाही.

रेकॉर्डिंग कोणतं? इंदूरकर असल्यामुळे अमीर खाँसाहेबांकडे हात जाणारच, पण ती बहुतेक टेपच्या काळातली मुद्रणं. टेपची खरखर सीडीच्या १६ बिटांच्या तळापेक्षा (तिच्या स्वतःच्या खरखरीच्या पातळीपेक्षा) कितीतरी वर असते. या कामाला अलीकडच्या डिजिटल मुद्रणातला नुसता तानपुरा घ्या. पातळी स्थिर, जवारीत स्वरांश भरपूर, पातळीतला किंचित फरकही उघडा पडतो. दुसरा तुकडा टाळ-झांजांचा, वरच्या पट्टीसाठी. माळव्याच्या रात्रींचा फायदा घ्या: अकरानंतर, कूलर-पंखा बंद. सुरू करण्याआधी सीडी पॉज करून दोन्ही इनपुटवर व्हॉल्यूम वाढवून ऐका. एकाच बाजूला ५० हर्ट्झची घरघर असेल तर तुम्ही घरघर ओळखाल, डॅक नव्हे.

आता मोजदाद. ५ पैकी ४ किंवा अधिक नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता जवळपास १९ टक्के. चौघे बसले असताना त्यातल्या किमान एकाला तसं येण्याची ५६ टक्के. म्हणजे तुमच्या मित्राचा निकाल नाण्यानेही दिला असता. १६ फेऱ्या आधीच ठरवा, १२ किंवा अधिक बरोबर आले तर नशिबाची शक्यता ४ टक्क्यांखाली येते. आठ फेऱ्यांनंतर निकाल मनासारखा दिसतोय म्हणून थांबायचं नाही, आणि चौघांपैकी एकालाच १२ आले तर त्यालाच दुसऱ्या दिवशी पुन्हा १६ द्या.

एक गोष्ट लोक नेहमी विसरतात. आधी रेझिस्टर न लावता, ०.४२ डेसिबलचा फरक तसाच ठेवून १६ फेऱ्या करा. तोही पकडता आला नाही, तर खोली किंवा तुकडा या कामाचा नाही, आणि पुढे 'फरक नाही' असा निकाल आला तर त्याला अर्थ उरत नाही. तो पकडला, आणि रेझिस्टर लावल्यावर आकडा ८-९वर, म्हणजे नुसत्या नशिबाच्या पातळीवर, आला, तर 'मोकळेपणा' कुठून येत होता ते कळलं. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझोल्यूशन (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या) सिग्नलच्या वाटेत सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून अशीच चाचणी घेतली होती. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे जवळपास निम्मी, नाण्याइतकीच.

रेझिस्टर लावूनही १२च्या वर गेलात तर डॅकचा फिल्टर मेनू तपासा. नॉन-ओव्हरसॅम्पलिंग मोड (सीडीच्या नमुन्यांमध्ये जादा नमुने न भरता ते तसेच वाजवणारा) चालू असेल तर सीडीवर १० किलोहर्ट्झला सुमारे पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला ३ डेसिबलहून अधिक उतार येतो. हा फरक खरा आहे, टाळांवर ऐकूही येतो, पण ती फिल्टरची करामत. फास्ट फिल्टर लावून परत १६ करा.

परतीची मुदत संपायच्या आत दोन रात्री काढा. चौघांचे रेझिस्टरशिवायचे आणि रेझिस्टरसह आकडे, दोन्ही चॅनेलची रीडिंग आणि फिल्टरचं नाव इथे लिहा. त्यावरून ठेवायचा की परत करायचा ते सांगता येईल.