शेवटच्या वर्षात प्लेसमेंट, गेट, प्रोजेक्ट आणि पुरुषोत्तम करंडक, सगळं जमेल का?

हो, चारही जमतील, पण प्लेसमेंटची तयारी जून संपायच्या आत बऱ्यापैकी उरकलेली हवी. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी प्रोजेक्ट गाइड आहे आणि गाडं अडतं ते बहुतेकदा ऑगस्टमध्येच. कंपन्या कॅम्पसवर येऊ लागतात, त्याच सुमारास पुरुषोत्तम या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी असते, तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. रात्री अकराला तालमीहून येऊन सकाळी नऊची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट द्यायची, तर सराव आधीच झालेला असावा लागतो. म्हणून सहाव्या सत्राची परीक्षा संपली की लगेच कोडिंगला बसा. पुढे:

- प्रोजेक्ट: विषय ऑगस्टमध्येच पक्का करा, लागणारे सेन्सर आणि सर्किट बोर्ड दिवाळीआधी मागवा. रिपोर्ट दर आठवड्याला थोडा थोडा लिहा, शेवटी बाइंडिंगवाल्याकडे फार गर्दी असते.
- गेट (एमटेक प्रवेशासाठीची परीक्षा): अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरायचा, परीक्षा फेब्रुवारीत. दिवाळीची सुट्टी पूर्ण यालाच द्या.

नाटक मात्र सोडू नका, नोकरी लागल्यावर रोज तालमीला बसणं फार थोड्यांना जमतं. अर्थात, आयआयटीत एमटेक हेच ध्येय असेल तर यंदा मोठी भूमिका घेऊ नका. प्रकाशयोजना किंवा नेपथ्य सांभाळा. गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो खरा, पण नोकरी करत पुन्हा तयारी करणं जड जातं.