पावाचे यीस्ट आणि कर्करोगाचे संशोधन

प्रश्न : माझी मुलगी सोलापूर विद्यापीठात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. तिला कर्करोगावर संशोधन करायचे आहे, पण पीएच.डी.साठी तिने यीस्टमधील पेशीविभाजन हा विषय मनात धरला आहे. पावात घालायच्या यीस्टचा माणसाच्या गाठीशी काय संबंध? तिची पाच-सहा वर्षे वाया तर जाणार नाहीत ना?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु संबंध फार जवळचा आहे. पेशीचे विभाजन कोणत्या टप्प्यावर अडते, हे लेलंड हार्टवेल यांनी पावाच्याच यीस्टमधील बिघडलेली जनुके तपासून शोधले. पॉल नर्स यांनी दुसऱ्या एका जातीच्या यीस्टमध्ये विभाजनाचे मुख्य जनुक ओळखले; १९८७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत त्या जनुकात दोष असलेल्या यीस्टला मानवी पेशीतील तत्सम जनुक दिले, तेव्हा त्या यीस्टचे विभाजन पुन्हा सुरळीत चालू झाले. टिम हंट यांना सायक्लिन ही विभाजनाचे टप्पे नियंत्रित करणारी प्रथिने तर सागरी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत सापडली. या तिघांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सायक्लिनच्या साथीने पेशीविभाजन घडवून आणणाऱ्या सीडीके-४ व सीडीके-६ या विकरांना (एन्झाइमना) रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी मंजूर झाले.

गाठीतील पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा वेगाने विभागतात, हा समज अर्धाच खरा आहे. आतड्याच्या अस्तराच्या पेशी पुष्कळ गाठींपेक्षा झपाट्याने विभागतात. गाठ वाढते ती मुख्यतः थांबण्याचे आणि मरण्याचे संकेत पेशी जुमानत नाहीत म्हणून, आणि ते संकेत उलगडायला यीस्टसारखी साधी पेशी सोयीची पडते. अर्थात गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या किंवा प्रतिकारशक्ती यांचा अभ्यास यीस्टमध्ये होत नाही, त्यासाठी पीएच.डी.नंतर तिला मानवी पेशींवर किंवा उंदरांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत जावे लागेल, आणि असा बदल या क्षेत्रात नेहमीचा आहे.

नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास खर्चाचा भार हलका होतो. खारघरची ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियल केंद्राची कर्करोग संशोधन संस्था) आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या संस्थांचे प्रवेश तिने जरूर पाहावेत. पेशींपेक्षा रुग्णांच्या नोंदींकडे ओढा असेल, तर आपल्याच जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. मात्र विषयापेक्षा मार्गदर्शक नीट पारखावा : त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज कोठे आहेत, हे तिने त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.