घरात एकाला कोविड झालाय, बाकीच्यांनी काय करायचं? आणि नंतर त्याला सांभाळायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली, आज आजाराचा तिसरा दिवस आहे, घरात पंच्याहत्तरीच्या सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी आहे, संडास-बाथरूम एकच. आणि तुमच्या एका मैत्रिणीला ताप गेल्यावरही दोन महिने धड उठवत नव्हतं, त्यामुळे पुढच्या दिवसांची आत्तापासूनच धास्ती वाटतेय. मी डॉक्टर नाही. २०२१ मध्ये आमच्याकडे आधी बायको आणि तीन दिवसांनी बाबा असे दोघं लागोपाठ आजारी पडले, आणि करायला मी एकटा होतो. तेव्हा जे कळलं आणि पुढे डॉक्टरांना विचारून जे पक्कं करून घेतलं, तेवढंच सांगतो. जास्त बोलेन ते ताप उतरल्यानंतरच्या दिवसांबद्दल. आमची मोठी चूक तिथेच झाली.

पण आधी आजचं.

खिडक्या उघडा. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही बारीक कण बाहेर पडतात आणि कोंदट खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. आम्ही पहिले दोन दिवस दाराच्या कड्या आणि टेबलं पुसत बसलो, आणि आजारी माणसाला गार वारा नको म्हणून खिडक्या मात्र घट्ट लावून घेतल्या. नेमकं उलट करायला हवं होतं. हात धुवाच, पण वस्तूंना हात लावून होणारा संसर्ग हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या मानाने फारच कमी. नवऱ्याच्या खोलीतल्या खिडकीपाशी टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवा, म्हणजे तिथली हवा घरात न शिरता बाहेर जाईल. दार लावलेलं असू द्या. आत जाताना तुम्ही एन-९५ लावा, त्यांनीही लावावा. नाकाच्या बाजूने हवा येतेय का ते हात धरून बघा, ढिल्या मास्कचा उपयोग अर्धाच होतो.

बाथरूमचं असं करा: बाकीच्यांचं आटोपलं की नवऱ्याने जायचं, मास्क लावूनच, आणि खिडकी किंवा एक्झॉस्ट चालूच राहू द्यायचा. त्यांच्यानंतर कुणाला जावंच लागलं तर शक्य तितका वेळ मध्ये जाऊ द्यावा आणि जाणाऱ्यानेही मास्क लावावा.

लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणसाकडून संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे ‘आता काय, सगळ्यांना झालाच असेल’ असं वाटतं. तसं धरून चालू नका. एका घरात राहूनही सगळ्यांना होतोच असं नाही. आमच्याकडे मला झाला नाही. तुमच्यापैकी कुणाला घसा खवखवल्यासारखं वाटलं आणि घरची टेस्ट निगेटिव्ह आली, तर एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. सुरुवातीला ती चुकते. दोन दिवसांनी पुन्हा करा.

सासूबाईंच्या डॉक्टरांना मात्र आजच फोन करा, त्या ठणठणीत असल्या तरी. विषाणूवरच्या ज्या गोळ्या असतात त्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि त्यातल्या एका प्रमुख औषधाचं रक्तदाबाच्या, हृदयाच्या, कोलेस्टेरॉलच्या बऱ्याच गोळ्यांशी जमत नाही. म्हणून त्यांच्या रोजच्या औषधांची यादी आधीच डॉक्टरांच्या हातात असलेली बरी. म्हाताऱ्या माणसांत ताप न येताही हा आजार असू शकतो. बाबांचं पहिलं लक्षण ताप नव्हता, खोकलाही नव्हता. ते दुपारी चारला उठून, सकाळ झाली समजून दाढीला बसले. मी त्यांना नीट झोप लागली नसेल म्हणून सोडून दिलं. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं, जेवणावरची वासना उडणं, यातलं काहीही दिसलं तर टेस्ट करा.

आता एक वही घ्या. खरीखुरी, कागदाची. पहिलं लक्षण कधी दिसलं ती तारीख वर लिहा आणि दिवस तिथून मोजा, टेस्टच्या तारखेपासून नाही. सकाळी, दुपारी, रात्री ताप, नाडी, ऑक्सिजन आणि दिलेलं औषध, एवढंच. हे सांगायचं कारण म्हणजे या आजारात सर्वांत सावध राहायचे दिवस बऱ्याचदा पहिले नसतात. ज्यांचं बिघडतं त्यांचं साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान बिघडतं, कधीकधी ताप उतरून दोन दिवस बरं वाटल्यानंतर. नेमकं तेव्हाच घरचे ढिले पडलेले असतात.

ऑक्सिजन कसा मोजायचा तेही सांगतो, कारण एका रात्री मी त्यावरून घाबरून गेलो होतो. बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटरचं यंत्र लावलं तर ८८ टक्के. मी ॲम्ब्युलन्सचा नंबर काढला. मग लक्षात आलं, त्यांची बोटं बर्फासारखी गार आहेत. त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून पाच मिनिटं चोळला, मधल्या बोटाला यंत्र पुन्हा लावलं, हात छातीवर स्थिर ठेवला आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत बघत राहिलो. ९५. तेव्हा बसून पाच मिनिटं विश्रांती, हात ऊबदार, नखांना पॉलिश नको, आणि आकडा मिनिटभर टिकला तरच लिहायचा. त्वचेचा रंग गडद असेल तर यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, त्यामुळे एका आकड्यापेक्षा तो रोज खाली सरकतोय का हे बघा. ९५ आणि वर असेल तर ठीक. ९३-९४ वर आला तर त्याच दिवशी डॉक्टर. ९२ किंवा त्याखाली असेल तर हॉस्पिटल, सकाळची वाट न बघता. ज्यांना आधीपासून फुप्फुसाचा आजार आहे त्यांचे आकडे वेगळे असतात, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि यंत्रापेक्षा माणूस मोठा: वाक्य पुरं करताना दम लागतोय, छातीत दाब वाटतोय, ओठ निळसर दिसतायत, माणूस नीट जागा होत नाहीये, तर आकडा कितीही चांगला असो, निघा.

औषधांचं थोडक्यात. तापाला आणि अंगदुखीला पॅरासिटॅमॉल, मोठ्या माणसाला चोवीस तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटॅमॉल असतंच, तेही मोजा. अँटिबायोटिक विषाणूला लागू पडत नाही. आणि स्टेरॉईड कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी स्वतःच्या मनाने देऊ नका. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधांच्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉईडने जीव वाचले ते ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या रुग्णांचे. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काहीच फायदा झाला नाही. मुलीला ॲस्पिरिन अजिबात नको. तिला झालाच तर बहुधा सौम्य असेल, पण बरी झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा ताप, पुरळ, लाल डोळे किंवा जोराची पोटदुखी असं काही दिसलं तर लगेच मुलांच्या डॉक्टरांकडे न्या. हा क्वचित होणारा प्रकार आहे, पण माहीत असावा.

खोलीतून बाहेर कधी? अधिकृत नियम वेळोवेळी बदलत आलेत. घरात म्हातारं माणूस आहे म्हणून मी दहा दिवस धरेन, आणि शेवटचे चोवीस तास औषधाशिवाय ताप नसावा. आरटी-पीसीआर निगेटिव्ह यायची वाट बघू नका, विषाणूचे मेलेले तुकडे सापडून ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते.

आता तुमची खरी धास्ती.

बायकोचा ताप सहाव्या दिवशी गेला. अकराव्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली आणि आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात आजार संपवून टाकला. ती म्हणायची, केस विंचरताना हात भरून येतात. मी म्हणायचो, पडून राहून अंग आखडलंय, थोडं चालायला लाग. तिसऱ्या आठवड्यात तिला आग्रह करून अर्धा तास फिरवून आणलं. त्या संध्याकाळी ती खुशीत होती. मला वाटलं, बघ, मी म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जी आडवी झाली ती चार दिवस. उजेड सहन होईना, दोन वाक्यं बोलली की तिसऱ्याला शब्द सापडेना. तिने मला एक शब्दही दोष दिला नाही, आणि ते मला आजही लागतं.

याला डॉक्टर श्रमानंतरचा बिघाड म्हणतात. त्याची गोम अशी की तो लगेच दिसत नाही. काही तासांनी, एक-दोन दिवसांनी येतो, म्हणून त्याचा संबंध कालच्या फिरण्याशी आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. आमच्या ध्यानात आला तो त्या वहीमुळे. ताप-ऑक्सिजनचे रकाने संपल्यावर तिने तिथेच दिवसभरात काय केलं आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं ते लिहायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं: आंघोळ आणि स्वयंपाक एकाच सकाळी केला की दुसरा दिवस गेला. मग आंघोळ संध्याकाळी, तीही स्टुलावर बसून. भाजी चिरणं बसून. थकण्याच्या आधी थांबायचं, थकल्यावर नाही. बरं वाटलं म्हणून त्या दिवशी साठलेली कामं उरकायची नाहीत, हे तिला फार जड गेलं. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की असा बिघाड होणाऱ्यांनी जोर लावून व्यायाम वाढवत नेऊ नये. ज्यांना असा त्रास होत नाही त्यांनी मात्र हळूहळू चालणं वाढवायला हरकत नाही, तसे बाबा महिन्याभरात पूर्ववत झाले. कोण कुठल्या प्रकारातला आहे हे दुसऱ्या दिवसावरून कळतं.

उठल्यावर चक्कर, छातीत धडधड, झोप न लागणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं, हेही पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. आजार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनंतरही राहिलं, निदान दोन महिने टिकलं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१ च्या व्याख्येप्रमाणे ते लाँग कोविड. पण छातीत दुखणं, एका पायाला सूज, वाढत जाणारा दम यासाठी तीन महिने थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

वास गेला असेल तर एक उपाय साधा आहे आणि करण्यासारखा आहे. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, चार बाटल्या. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीचा दहा-वीस सेकंद हळू वास घ्यायचा, तो वास कसा होता ते आठवत, निदान तीन महिने. बायकोला पहिले पाच आठवडे काहीच आलं नाही. मग एका सकाळी लवंगेची बाटली नाकाशी धरून ती म्हणाली, ‘वास नाही, पण काहीतरी टोचतंय.’ त्यानंतर मध्ये एक वाईट काळ आला, ओळखीच्या पदार्थांना जळल्यासारखी, कुजल्यासारखी घाण येऊ लागली. मज्जातंतू पुन्हा जुळताना असं होतं. तेव्हा तिच्यासाठी सगळं गार आणि कमी वासाचं वाढायचो. एक लक्षात ठेवा, वास न येणाऱ्या माणसाला गॅसची गळती आणि करपलेलं कळत नाही. स्वयंपाकघरात त्याला एकटं सोडू नका.

राहिलं मनाचं. ‘कुठून आणलंस?’ हा प्रश्न घरात कुणालाही विचारू देऊ नका, नातेवाइकांना फोनवरसुद्धा नाही. आपल्यामुळे बाबांना झालं हे बायकोच्या मनात महिनोन्‌महिने होतं, आणि तिला ते कुणी बोलून दाखवलेलं नव्हतं. नवरा खोलीत असेपर्यंत दाराबाहेर खुर्ची टाकून, मास्क लावून, लांबून बसा आणि फोनवर बोला. दाराच्या पलीकडे कुणीतरी आहे हे कळणं वेगळं असतं. मुलीला रोज एक चित्र दाराखालून सरकवू द्या, कागदाने काही होत नाही. आणि बाहेर आल्यावर ते ‘थकलोय’ म्हणाले, रिपोर्ट कितीही चांगले असोत, तर तेवढ्यावर विश्वास ठेवा. पुरावा मागू नका.

तुम्ही स्वतः रात्री झोपा. दोन तासांनी उठून त्यांचा ऑक्सिजन बघण्याची गरज नाही, आकडा ९५ च्या वर आणि श्वास शांत असेल तर झोपण्याआधीचा एक पुरे. कुणी ‘काही लागलं तर सांग’ म्हणालं तर तिथल्या तिथे काम सांगा: औषध आणून दे, उद्या संध्याकाळचं जेवण पाठव. मी ‘नाही, ठीक आहे’ म्हणत राहिलो आणि नवव्या दिवशी बाबांची रात्रीची गोळी विसरलो.

आज तिसरा दिवस, म्हणजे पाचवा परवा. वही आजच काढा आणि सासूबाईंचाही एक आकडा त्यात लिहून ठेवा, त्या बऱ्या असतानाचा. पुढे कधी तुलना करायची वेळ आलीच, तर डॉक्टर आधी तोच विचारतील.